गुणपत्रिकेवाचून प्रवेश : मुक्त सॉफ्टवेअरमधील उमेदवारीचा इतिहास

१९८३ साली एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. पहिली आपल्याकडची. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी कोपरगावात, गोदावरीच्या कालव्यांवर पिकणाऱ्या उसाच्या पट्ट्यात, शंकरराव कोल्हे यांच्या पुढाकाराने संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तोवर इंजिनियर व्हायचे तर मुंबई, पुणे, सांगली, कराड, औरंगाबाद अशा मोजक्याच गावांचा रस्ता धरावा लागे.

दुसरी घटना अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी संगणकांच्या जाळ्यावरून एक संदेश पाठवला. आपण 'ग्नू' नावाची संपूर्ण संगणकप्रणाली लिहिणार आहोत, ती कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल, आणि या कामात मदत हवी आहे, असा त्याचा आशय होता.

या दोन घटनांनी दोन दारे उघडली. पहिल्या दारातून आत जायला बारावीचे गुण लागतात. दुसऱ्या दारावर गुणपत्रिका कोणी मागत नाही, तेथे केलेले काम पाहतात. पहिल्या दाराची माहिती आपल्याकडे घरोघरी असते. दुसऱ्या दाराची माहिती मात्र ज्यांना आधीच आहे त्यांच्याकडूनच मिळते, आणि तालुक्याच्या गावी असे कोणी भेटेलच याची खात्री नसते. म्हणून या दुसऱ्या दाराचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असे आम्हाला वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. संगणकाची आज्ञावली माणूस लिहितो तेव्हा ती वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात असते. या मूळ मजकुराला सोर्स कोड म्हणतात. विकत मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांबरोबर हा मजकूर दिला जात नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो दिला जातो आणि त्यात बदल करण्याचा हक्कही दिला जातो. हा हक्क कायद्याच्या भाषेत बांधणारा ग्नूचा सर्वसाधारण परवाना, म्हणजे जीपीएल, १९८९ साली आला. 'ओपन सोर्स' हा शब्द त्याही नंतरचा, १९९८चा.

पण हक्क मिळाला म्हणून सहभाग घेता येतोच असे नाही. दूरवरच्या अनोळखी माणसाने केलेली दुरुस्ती मूळ लेखकापर्यंत पोचायची कशी? १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. तिच्यामुळे संपूर्ण मजकूर पाठवण्याची गरज उरली नाही. कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या एवढेच पत्रातून पाठवायचे, आणि समोरच्याने ते वाचून, पटले तर आपल्या प्रतीत बसवायचे. वहीतल्या चुकीवर लाल शाईची खूण करावी तसाच हा प्रकार, फक्त येथे विद्यार्थी गुरूची वही तपासत होता!

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका पाठ्यपुस्तकातून निघाले. अँड्रयू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना कार्यप्रणाली आतून कशी असते हे दाखवण्यासाठी १९८७ साली 'मिनिक्स' नावाची लहानशी प्रणाली पुस्तकासोबत दिली. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती अभ्यासली आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपणही एक प्रणाली करीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. जगभरातून दुरुस्त्या येऊ लागल्या. पाठवणारा कोण आहे, कोठे शिकतो, किती गुण मिळवतो, हे विचारले जात नव्हते. पाठवलेली दुरुस्ती चालते का आणि नीट समजावून सांगितली आहे का, एवढेच पाहिले जाई.

ही खरी उमेदवारी होती. सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली पोरगा राहतो, आधी हत्यारांना धार लावतो, मग किरकोळ काम करतो, आणि हात बसला की मोठे काम अंगावर घेतो, तसेच. फरक इतकाच की येथे उस्ताद हजारो मैलांवर असे.

मात्र १९९१ साली या उमेदवारीसाठी संगणकाचे जाळे जवळ असणे आवश्यक होते. भारतात 'अर्नेट' हे शैक्षणिक जाळे १९८६ मध्ये सुरू झाले, पण ते मोजक्या संशोधन संस्थांपुरते होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले, तेही आधी मोठ्या शहरांत. १९९६ पासून 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, आणि अनेक भारतीय विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख या तबकडीवरून झाली. म्हणजे वापरायला वस्तू मिळाली, पण तिच्यात भर घालणाऱ्यांशी बोलण्याची सोय अजून दूर होती.

पुढचा टप्पा २००५ सालचा. त्या वर्षी लिनस यांनी 'गिट' ही बदलांची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहिली. अनोळखी माणसांनी एकत्र काम करण्याची पद्धत तिने सोपी केली. त्याच वर्षी जून महिन्यात गूगल या कंपनीने 'समर ऑफ कोड' हा उपक्रम जाहीर केला. कल्पना अशी : पाश्चात्य देशांत उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीत विद्यार्थी पोटापाण्यासाठी मिळेल ते काम करतात आणि वर्षभर शिकलेले विसरतात. त्याऐवजी त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या संस्थेसाठी आज्ञावली लिहावी, त्या संस्थेतल्या अनुभवी माणसाने मार्गदर्शन करावे, आणि विद्यार्थ्याला विद्यावेतन गूगलने द्यावे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि मार्गदर्शक संस्थेला ५०० डॉलर मिळत. त्या वेळच्या दराने विद्यार्थ्याचे सुमारे दोन लाख रुपये झाले.

जागा ठरवल्या होत्या २००. अर्ज आले ८,७०० हून अधिक. शेवटी जागा वाढवून चारशेच्या वर केल्या. तरीही साधारण एकवीस अर्जांमागे एकाची निवड झाली. म्हणजे पहिल्याच वर्षी एक नवा प्रश्न उभा राहिला. जुन्या पद्धतीत दुरुस्ती आधी पाठवायची आणि ओळख नंतर व्हायची. आता ओळख, योजना आणि वचन आधी लिहून द्यायचे होते. उमेदवारीला अर्जाचे रूप आले.

या अर्जाची रीत थोडक्यात अशी. वर्षाच्या आरंभी मार्गदर्शक संस्थांची यादी जाहीर होते. प्रत्येक संस्था करण्याजोग्या कामांची सूची देते. उमेदवाराने एक-दोन संस्था निवडून त्यांच्या लोकांशी बोलायचे, त्यांची आज्ञावली आपल्या संगणकावर चालवून पाहायची, एखादी लहान दुरुस्ती करून द्यायची, आणि मग मार्च-एप्रिलच्या सुमारास आपला प्रस्ताव सादर करायचा. तो संस्थेतले मार्गदर्शक वाचतात. निवड झाल्यास आधी काही आठवडे ओळखीचे, मग प्रत्यक्ष काम, मध्ये एक आणि शेवटी एक मूल्यमापन. २०१७ पासून विद्यावेतन देशागणिक राहणीमानाच्या खर्चानुसार ठरते. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट काढून टाकली गेली. अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि या क्षेत्रात नवखा असलेला कोणीही अर्ज करू शकतो. वीस वर्षांत २०,००० हून अधिक जण यातून गेले, आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अशा उमेदवारीचा एक उपक्रम उभा राहिला, आणि ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने तो अधिक जवळचा आहे. २००९ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याच्या साह्याने मुंबईच्या आयआयटीत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली 'फॉसी' आणि 'स्पोकन ट्युटोरियल' हे प्रकल्प आकाराला आले. फॉसीचा एक कार्यक्रम शिक्षकांना विशेष आवडण्याजोगा आहे. अभियांत्रिकीच्या एखाद्या प्रमाण पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्याने घ्यायची आणि ती 'सायलॅब' या मुक्त गणिती आज्ञावलीत लिहून काढायची. आधी पुस्तक सुचवायचे, नमुन्यादाखल काही उदाहरणे करून दाखवायची, तपासनिसांनी होकार दिला की पूर्ण पुस्तक करायचे. काम मान्य झाले की मानधन आणि प्रमाणपत्र मिळते, आणि उदाहरणे सर्वांसाठी खुली होतात. अशी शेकडो पुस्तके देशभरच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केली आहेत. महागडी आज्ञावली विकत घेणे ज्या महाविद्यालयांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हे साहित्य उपयोगी ठरते. फॉसीच्या उन्हाळी शिष्यवृत्तीतही उमेदवाराला आधी काही चाचणीकामे करून दाखवावी लागतात. स्पोकन ट्युटोरियलचे लहान लहान पाठ मराठीतही आहेत. पाठ ऐकत ऐकत शेजारी तेच संगणकावर करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे.

आता इतिहासातला एक विचार करण्याजोगा भाग पाहू. दार सर्वांना सारखेच उघडे असेल तर निवड झालेले विद्यार्थी सगळीकडे सारखे पसरलेले दिसायला हवेत. तसे झाले नाही. गूगलच्या उपक्रमाच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वाधिक विद्यार्थी कोणत्या विद्यापीठातून निवडले गेले? अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित विद्यापीठाचे नाव आपल्या मनात येईल. उत्तर आहे श्रीलंकेतील मोरटुवा विद्यापीठ! आपल्या देशातले उदाहरण घ्यायचे तर केरळात कोल्लम जिल्ह्यातील अमृतापुरीचे घेता येईल. समुद्राकाठच्या खेड्यालगत असलेल्या या संकुलात २००७ साली मुक्त सॉफ्टवेअरचे विद्यार्थी मंडळ स्थापन झाले आणि तेथून वर्षानुवर्षे विद्यार्थी निवडले गेले.

या ठिकाणांत समान काय होते? मोरटुवाच्या आसपास मुक्त सॉफ्टवेअरचे काम आधीच चालू होते. २००३ साली लंका सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर बेपत्ता माणसे, छावण्या आणि मदतसामग्री यांची नोंद ठेवण्यासाठी श्रीलंकेतल्या स्वयंसेवकांनी 'सहाना' ही मुक्त आज्ञावली लिहिली, आणि ती पुढे इतर देशांतल्या आपत्तींतही वापरली गेली. म्हणजे काम शिकवणारी माणसे आणि करण्याजोगे खरे काम, दोन्ही हाताशी होते. शिवाय एकदा निवड झालेला विद्यार्थी पुढच्या वर्षीच्या मुलांचा अर्ज वाचून देई. अमृतापुरीतही वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गांना शिकवीत. तेव्हा आमच्या मते मुद्दा शहर की खेडे हा नाही. पहिला कच्चा मसुदा वाचणारे माणूस जवळ आहे की नाही, हा आहे.

कोपरगावच्या वाचकांना हे कालव्याच्या भाषेत चटकन समजेल. धरणात पाणी असले आणि कालवाही वाहत असला, तरी टेलच्या शेतकऱ्याला ते मिळेलच असे नाही. चारी दुरुस्त असावी लागते आणि मागणी वेळेत जावी लागते. आवर्तनाआधी शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरतो. 'मी कष्टाळू आहे, मला पाणी द्या' असे त्यात कोणी लिहीत नाही. गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र लिहितो.

आमच्या पाहण्यातले विद्यार्थ्यांचे बरेच प्रस्ताव मात्र पहिल्या प्रकारचे असतात. 'मला लहानपणापासून संगणकाची आवड आहे, मी कष्टाळू असून मला संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.' यात खोटे काही नसते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. दुसरा नमुना पाहा. समजा, एखाद्या हिशोबाच्या मुक्त आज्ञावलीत देवनागरी अंक टाइप केले तर 'संख्या चुकीची आहे' असा संदेश येतो. विद्यार्थी लिहितो : "आज्ञावली प्रत्येक चिन्ह रोमन शून्य ते नऊ यांतले आहे का एवढेच तपासते. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक आहेत, म्हणून ते नाकारले जातात. पायथन भाषेची मूळ सोय देवनागरी अंकांतील बाराला बाराच समजते, हे मी पडताळले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत अंक वाचण्याचा भाग बदलीन, पुढच्या दोन आठवड्यांत चाचण्या लिहीन, त्यानंतर निकाल देवनागरीत दाखवण्याची सोय करीन. एक लहान दुरुस्ती आधीच पाठवली आहे." हा झाला सात नंबरचा फॉर्म. दोष काय, कारण काय, काय करणार, किती दिवसांत, आणि आतापर्यंत काय केले, ही पाच उत्तरे त्यात आहेत. गुणांचा उल्लेख कोठेही नाही.

या पद्धतीला धोकेही आहेत, ते लपवून उपयोग नाही. जेथे प्रमाणपत्र, पैसा किंवा बक्षीस असते तेथे देखाव्याचे काम वाढते. २०१४ पासून डिजिटलओशन ही कंपनी ऑक्टोबर महिन्यात ठरावीक दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देत असे. २०२० साली त्यासाठी निरर्थक दुरुस्त्यांचा इतका लोंढा आला की महिना सुरू होताच नियम बदलावे लागले, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला आहे तेथीलच दुरुस्त्या धरल्या जाऊ लागल्या. कोणी एखाद्या ओळीत एक विशेषण घातले, कोणी स्वल्पविराम हलवला. हे सारे वाचायचे कोणी? प्रकल्प सांभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. आता तर यंत्राकडून प्रस्ताव लिहून घेता येतो, त्यामुळे दिसायला सुबक पण आत पोकळ अशा अर्जांची भर पडते. दारावर गुणपत्रिका मागत नाहीत, त्यामुळे आत असलेल्याला प्रत्येक अर्ज वाचावाच लागतो. त्याचा वेळ वाया घालवणारा विद्यार्थी आपल्यामागून येणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याची वाट अवघड करतो. हे नीतीचे शिक्षण अर्ज भरण्याआधीच द्यायला हवे.

दोन अडचणी खास आपल्याकडच्या आहेत. एक वेळापत्रकाची. उपक्रमाची आखणी उत्तरेकडील देशांच्या उन्हाळी सुटीप्रमाणे झाली. आपल्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव लिहिण्याचा काळ नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो, आणि काम ऐन सत्रात. म्हणून तयारी आधीच्या दिवाळीतच सुरू व्हावी. संस्था निवडणे, आज्ञावली चालवून पाहणे आणि पहिली दुरुस्ती पाठवणे ही कामे डिसेंबरपर्यंत झाली तर प्रस्तावाला पुरेसा वेळ उरतो. दुसरी अडचण इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अनोळखी माणसाला इंग्रजीत प्रश्न विचारायला बिचकतो. त्याला आमचा सल्ला असा : आधी प्रश्न मराठीत लिहावा. मी काय केले, काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले. ही तीन वाक्ये मराठीत स्पष्ट झाली की त्यांचे साधे इंग्रजी करणे अवघड नाही. मराठीत जे स्पष्ट नाही ते इंग्रजीतही होत नाही. शिवाय मुक्त आज्ञावल्यांतील सूचनांचे मराठी भाषांतर तपासणे हेही खरे योगदान आहे, आणि तेथे मराठी माध्यमाचा विद्यार्थी इतरांच्या पुढे असतो.

शाळेतल्या मुलांचे काय? तेरा ते सतरा वयोगटासाठी गूगलचा 'कोड-इन' नावाचा उपक्रम २०१० ते २०१९ या काळात चालला आणि नंतर बंद झाला. मात्र शाळेतल्या तयारीसाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. फॉसीच्या पाठ्यपुस्तक कार्यक्रमाचे लहान रूप नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल. गणिताच्या पुस्तकातले एक प्रकरण घ्यावे. प्रत्येक गटाने त्यातील पाच सोडवलेली उदाहरणे पायथन भाषेत लिहावी. दुसऱ्या गटाने ती चालवून पाहावी आणि चूक आढळल्यास तोंडी न सांगता लिहून द्यावी : चूक कोणत्या ओळीत, कशी दिसली, दुरुस्ती काय. पहिल्या गटाने ती दुरुस्ती स्वीकारावी, किंवा का स्वीकारत नाही तेही लिहावे. शाळेत एकच संगणक असला तरी हे होऊ शकते, कारण निम्मे काम कागदावरचे आहे.

यात शिक्षकाला आज्ञावली लेखन उत्तम यायलाच हवे असे नाही. मसुदा वाचताना 'म्हणजे काय?', 'हे तू करून पाहिलेस का?' आणि 'किती दिवस लागतील?' हे तीन प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ आहे. मोरटुवा आणि अमृतापुरीत हे काम पुढच्या वर्गातील मुलांनी केले. जेथे अजून अशी मुले तयार झालेली नाहीत, तेथे पहिली काही वर्षे ते शिक्षकांनाच करावे लागेल. आपल्या शाळेत वा महाविद्यालयात असा प्रयोग झाल्यास त्याचे अनुभव, विशेषतः जे जमले नाही त्याचे, आम्हाला जरूर लिहून कळवावेत. इतर शिक्षकांना ते उपयोगी पडतील.